चैत्रातले चॉकलेट

चॉकलेट हा थंड मुलखातला जिन्नस, असा समज आपल्याकडे फार दिवस चालत आला आहे. परंतु ज्या कोकोच्या शेंगांतील बियांपासून तो सिद्ध होतो, ते झाड विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या उष्ण व दमट पट्ट्यातच, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढते, आणि केरळ-कर्नाटकातल्या नारळी-पोफळींच्या बागांतून ते आज सुखाने नांदतही आहे. झाडाला उकाडा हवा आणि वडीला गारवा, हा या पदार्थाच्या प्रकृतीतला मूळचा तंटा असून, त्याची सुनावणी मार्च-एप्रिलमध्ये बोईसरच्या एखाद्या स्वयंपाकघरात ठेवली, तर निकाल कोणाच्या बाजूने लागेल हे सांगायला वकील नको.

तरीही हा खटाटोप याच दिवसांत करावा लागतो, कारण ईस्टर याच दिवसांत येतो. २१ मार्चला अथवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, असा चर्चचा नियम आहे. म्हणजे आपल्या पंचांगाच्या हिशेबाने हा सण कधी फाल्गुनी तर कधी चैत्री पौर्णिमेचे बोट धरून येतो. २०२४ साली होळी २४ मार्चला पेटली आणि पुढच्याच रविवारी ईस्टर झाला. २०२६ साली मात्र होळीला महिना लोटल्यावर, २ एप्रिलच्या हनुमानजयंतीमागोमाग, तो ५ एप्रिलला पडतो. आता आमच्या बोईसरला हा सण कसा, तर १९६९ साली शेजारचे तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहतीने हातपाय पसरले, आणि नोकरीच्या निमित्ताने नाना प्रांतांची माणसे येथे एका जिन्यावर राहू लागली. त्यामुळे आमच्याकडे या रविवारी केरळी घरातून अप्पम आणि रस्सा येतो, तर वसईकडच्या घरातून काजूची मिठाई. आमच्या शेजारच्या काकूंचे माहेर आगाशीचे. चॉकलेटचा उद्योग आमच्या मजल्यावर त्यांनीच सुरू केला, आणि परीक्षा संपवून मोकळी झालेली मजल्यावरची यच्चयावत मुले त्यांनी बिनपगारी कामाला लावली.

ईस्टरशी अंड्याचे नाते कसे जडले, हे मुले हटकून विचारतात. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपवासकाळाचे. मध्ययुगीन युरोपात त्या काळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना मात्र धर्मशास्त्राची वार्ता नसल्यामुळे त्या आपले काम चालूच ठेवीत, आणि सणापर्यंत घरोघरी अंड्यांचा साठा होई. चॉकलेटचे पोकळ अंडे त्या मानाने अगदी अलीकडचे: इंग्लंडात ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते १८७३ साली काढले, आणि दोन वर्षांनी कॅडबरीने. त्यापूर्वी युरोपात चॉकलेट ही मुख्यतः पिण्याची वस्तू होती, आणि ते प्यायल्याने उपवास मोडतो की नाही यावर धर्मपंडितांत कित्येक वर्षे खल चालला होता. अखेर सतराव्या शतकात कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी, पेयाने उपवास मोडत नाही, असा अभिप्राय देऊन भाविकांची सोय केली. एकादशीला चहा चालतो काय, या प्रश्नावर ज्या घरांत सासू-सुनांचे दोन पक्ष पडलेले आहेत, त्या घरांना कार्डिनलसाहेबांची अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता प्रत्यक्ष करायचे कसे? पहिला प्रश्न भट्टीचा, कारण ती आपल्या घरांत सहसा नसते. पोर्तुगिजांनी १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर अंमल केला. ते गेले तरी पाव भाजण्याची भट्टी मागे राहिली, पण ती बेकरीत राहिली, घरात शिरली नाही. मराठी गृहिणी वडी थापते, लाडू वळते, गाठ्यांचा पाक साच्यात ओतते. भाजणे म्हणजे कढईत भाजणे. तेव्हा भट्टीवाचून चॉकलेट करण्यात आम्हांला काही अपूर्वाई वाटण्याचे कारण नाही. अपूर्वाई आहे ती पुढे, निववण्यात.

बाजारात चॉकलेटच्या लाद्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत कोकोचे स्वतःचे लोणी असते. दुसरी, जिला दुकानदार कंपाऊंड म्हणतात, तिच्यात त्या लोण्याच्या जागी वनस्पती तेलाचे घट्ट स्निग्ध असते. वेष्टनावरची घटकांची यादी वाचली की दोहोंची जात कळते. कोकोचे लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे शरीराच्या उष्णतेहून थोडे खाली, आणि म्हणूनच ते जिभेवर विरघळते. पण त्याचा स्वभाव हट्टी. त्याचे स्फटिक सहा प्रकारे जमू शकतात आणि त्यांतला एकच प्रकार आपल्या कामाचा: जो चकाकतो, आणि मोडताना टक् आवाज करतो. तो साधण्यासाठी गडद चॉकलेट आधी पंचेचाळीस ते पन्नास अंशांपर्यंत तापवून पूर्ण वितळवावे लागते, मग ढवळत ढवळत सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत उतरवावे लागते, आणि पुन्हा हलकेच एकतीस-बत्तीसवर आणावे लागते. ही पायरी टाळली तर दोन दिवसांत वडीवर पांढुरकी बुरशीसारखी कळा येते. ती बुरशी नसते, चुकीच्या रूपात जमलेले लोणी असते. एकाच पदार्थाचे स्फटिक तापमानाप्रमाणे निराळ्या रूपांत जमतात, ही गोष्ट औषधांच्या कारखान्यांत रोजच्या कामाची. आणि तारापूरच्या वसाहतीत असे कारखाने असल्यामुळे, काकूंच्या पातेल्यात तापमापक धरून उभे राहणारे आणि "अजून दोन अंश उतरू द्या, वहिनी," असे रिअॅक्टरवरच्या गांभीर्याने बजावणारे गृहस्थ आमच्या जिन्यावर आयते मिळाले.

ज्यांच्या जिन्यावर असे गृहस्थ नाहीत, त्यांनी निःसंकोच कंपाऊंड घ्यावे. त्याला ही तपश्चर्या लागत नाही. खाल्ल्यावर टाळ्याला किंचित मेणचट थर बसतो खरा, पण मुलांना त्याची दाद नसते. कोणतीही लादी असली तरी सुरीने बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्यावी. खालच्या पातेल्यात पाणी थोडे, त्याचा वरच्या भांड्याला स्पर्श नाही, आणि वाफ चॉकलेटात शिरणार नाही असा बंदोबस्त. पाण्याचा एक थेंब पडला तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि वाहते चॉकलेट बघता बघता रवाळ गोळा होऊन बसते. म्हणून उलथने, चमचे, साचे, मुलांचे हात, सारे कोरडे ठणठणीत हवे. आमच्याकडे या कामी हातांची तपासणी दारातच होते.

मग हवेचा प्रश्न. एप्रिलच्या दुपारी आमच्या किनाऱ्यावर खोलीतच पारा बत्तीस-तेहेतीसवर असतो, त्या हवेत वडी जमण्याची वाट पाहणे व्यर्थ. सबब हे काम पहाटे करावे. फ्रीज हाताशी असतो, पण उघडी ताटली त्यात ठेवून बाहेर काढली की दमट हवेतले पाणी थंड वडीवर साचते, साखर विरघळते, आणि वाळल्यावर पृष्ठभाग खरखरीत होतो. "त्याला घाम येतो," एवढ्या तीन शब्दांत काकूंनी हे शास्त्र मुलांना सांगितले. तोडगा असा, की वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून डबा फ्रीजमध्ये ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या हवेला येईपर्यंत झाकणाला हात लावू नये. मुलांच्या दृष्टीने संपूर्ण कृतीतले हेच सर्वांत अवघड कलम.

आता भरायचे काय? माझा पक्षपात येथे उघड आहे. वसई-आगाशीकडे राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात आणि त्यांची सुकेळी करतात. मधासारख्या रंगाची, चिवट, गोडीने जड, केळीच्या वाळल्या सोपटात बांधलेली. राजेळीच्या बागा कमी झाल्या, उन्हात राबणारे हातही कमी झाले, त्यामुळे अस्सल सुकेळी ओळखीनेच मिळतात. हे सुकेळे तिरके कापून गडद, कडवट चॉकलेटात अर्धे बुडवावे, आणि वर जाड्या मिठाचे दोन-चार खडे टाकावेत. मीठही आमच्याच किनाऱ्यावरच्या मिठागरांतले. परदेशी चांदीत गुंडाळलेले पोकळ अंडे यापुढे मला तरी फारच पोकळ वाटते.

डहाणू-घोलवडचा चिकू ताजा घालू नये, त्यातले पाणी वडी बिघडवते. वाळवलेल्या फोडी घ्याव्यात. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा चिकू आपण पक्का डहाणूकर समजतो, पण त्याचे मूळ वतन मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे, आणि कोकोची लागवड व सेवन यांची जुनी परंपराही त्याच भागातली. काजू ब्राझीलचा, पोर्तुगिजांबरोबर आलेला. वसईकडची ईस्टरची मिठाई, मार्झिपान, युरोपात बदामाची. आपल्याकडे बदाम महाग, म्हणून काजूची झाली, आणि माझ्या मते सुधारली. भट्टीच काय, शेगडीही पेटवायची नसेल, तर काजूची बारीक पूड, निम्मी पिठीसाखर आणि गुलाबपाण्याचे मोजके थेंब घालून घट्ट मळावे, लिंबाएवढी अंडी वळावीत, आणि तासभर निवल्यावर चॉकलेटात बुडवावीत. अंड्याचा कच्चा पांढरा बलक यात घालण्याचा मोह टाळावा. या उन्हाळ्यात तो धोका पत्करण्याजोगा नाही.

अगदी लहान मुलांसाठी मारी बिस्किटांचा चुरा, कोको आणि मिल्कमेडचा गोळा आहेच. तो लाटून आत गोड खोबरे पसरावे, गुंडाळी करून थंड करावी आणि चकत्या कापाव्यात. कुरमुरे वितळलेल्या चॉकलेटात घोळून चमच्याने गोळे सोडले तरी चालते. या दोन्हींविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. ते करण्याआधीच संपतात.

काकूंचा एक डबा दरवर्षी आगाशीला जातो. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकलगाड्या २०१३ पासून सुरू झाल्यामुळे हा प्रवास तासाभराचा झाला आहे, पण गाडी सकाळची लवकरचीच धरावी लागते. उन्हे वर आल्यावर डब्यातून आगाशीला पोहोचते ती चॉकलेटची चटणी. परतीच्या पिशवीत माहेरची सुकेळी असतात, आणि त्यांच्यासाठी कोणतीही गाडी चालते, भर दुपारचीसुद्धा.