ग्रामसभेला बाकी कामांची यादी छापून न्या

ग्रामसभा जवळ आली की गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारींचा पाऊस पडतो. पाइपलाइन फुटली, डीपी जळाला, नाली तुंबली, पांदण रस्ता अडवला. पण सभेत मोबाईल वर करून "मी मेसेज टाकला होता" म्हणून काही होत नाही. मेसेजवर आवक शिक्का बसत नाही. कागदावर बसतो, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मिळते.

म्हणून उमापूरच्या पोरांना माझं सांगणं आहे, गावाच्या कामांची एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा. ईमॅक्स या फुकट एडिटरमध्ये ऑर्ग-मोड आहे. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ साली तो सुरू केला. प्रत्येक कामापुढं 'बाकी' किंवा 'झालं' लिहायचं, पाणी, रस्ता, वीज अशी खूण लावायची. मग पाण्याची बाकी कामं तेवढी गाळून स्क्रीनवर ठेवायची आणि दिसतं तेवढंच एक्सपोर्ट करायचं. शेकडो नोंदींतून एक-दोन पानं निघतात. फक्त सरळ पीडीएफ काढायला जाऊ नका, नेहमीच्या सेटिंगवर देवनागरी उमटत नाही. ओडीटी काढा, लिब्रेऑफिसात उघडा, तिथून प्रिंट मारा. (एक्सेलमध्ये फिल्टर लावणाऱ्यानं तेच करावं, माझा हट्ट नाही.)

खरी गोम गाळण्यातच आहे. नुसतं 'झालं' गाळून छापलं तर गाव सोन्याचं दिसतं. सभेत अहवाल वाचतात तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच होतं, झालेली कामं आकड्यांसकट आणि बाकीची 'प्रगतीपथावर'. उलट आपल्याच गल्लीची बाकी कामं छापून गाव बुडालं म्हणूनही ओरडता येतं. आम्हा पत्रकारांना ही खोड लईच. म्हणून कागदाच्या डोक्यावर एकूण नोंदी किती, त्यातून काय गाळलं आणि कोणत्या तारखेला, हे लिहा. काय गाळलं ते एडिटर आपणहून छापत नाही, हातानं टाकावं लागतं.

आणखी एक. तक्रारदाराचं नाव, नंबर वेगळ्या पोटनोंदीत ठेवा आणि तिला 'नोएक्सपोर्ट' खूण लावा. फाइलीत राहतं, कागदावर येत नाही. गावात नाव फुटलं की माणसाच्या दारात कोण कोण येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तक्रार मागं.

तसं बघितलं तर हे काम आपल्यावर यायलाच नको. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ म्हणतं, कुणी मागायच्या आधीच कार्यालयानं माहिती लोकांपुढं ठेवावी. वर्षाला किमान चार ग्रामसभा होतात. मागच्या सभेतले ठराव किती, झाले किती, राहिले कोणते, एवढं एक पान पुढच्या सभेच्या नोटिशीसोबत बोर्डावर लावायला किती खर्च येतो?

तोवर आपलं पान आपण काढू. दोन प्रती न्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.