रोजचे ५०० शॉट आणि मुलांचे गुडघे

सुट्टी लागली की बरीच मुले बॉल घेऊन एकटीच कोर्टवर जातात आणि तासभर बास्केट टाकत राहतात. "एकट्याने खेळून काय उपयोग?" असे पालक विचारतात. उपयोग आहे. या खेळात जोडीदाराशिवाय घोटवता येण्यासारखे शूटिंगच जास्त आहे. शिवाय चुकलेला बॉल स्वतःच धावत जाऊन आणावा लागतो, तो व्यायाम वेगळाच.

माझा आक्षेप आहे तो आकड्याला. "रोज ५०० शॉट झाल्याशिवाय घरी यायचे नाही" असा नेम काही घरांत असतो. बाबा बाकावर बसून मोजतात! गुडघा मात्र शॉट मोजत नाही, उड्या मोजतो.

मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाच्या उंचवट्याला जोडलेला असतो. साधारण १० ते १५ वर्षे वयात ही जागा अजून वाढत असते, पक्की झालेली नसते. प्रत्येक उडीला तिथे ओढ बसते. मग वाटीच्या खाली दुखते, दाबल्यावर दुखते, जिना चढताना आणि उकिडवे बसताना दुखते, कधी टेंगूळ येते. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. नाव भारी असले तरी आजार बहुधा आपोआप बरा होतो, पण त्याला काही महिने लागू शकतात. दुखणे अंगावर काढत उड्या चालू ठेवल्या तर मुक्काम लांबतो.

अशा वेळी खेळ पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. उडी मारून टाकायचे शॉट थांबवा. दुखत नसेल तर जमिनीवर पाय ठेवून, रिंगच्या जवळून टाकू द्या. खेळून झाल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे धरा. वेदनाशामक गोळी देऊन कोर्टवर पाठवणे मला अजिबात मान्य नाही.

बॉलही बघा. ७ नंबरचा बॉल ६०० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि रिंग १० फुटांवर असते. दहा वर्षांचे मूल तो १५ फुटांच्या फ्री थ्रो रेषेवरून टाकायला गेले तर कंबर मागे वाकवून, खांद्याने ढकलते, आणि तीच सवय लागते. त्याला ५ नंबरचा बॉल द्या. हात थकून बॉल रिंगपर्यंत पोचेनासा झाला की त्या दिवशीचा सराव संपला, आकडा कितीही असो.

गुडघा सुजला, रात्री दुखून जाग येते, ताप आहे किंवा मूल लंगडते आहे, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लंगडणाऱ्या मुलाचा खुबाही तपासून घ्या. या वयात कधी कधी दोष खुब्यात असतो आणि मूल हात लावून दाखवते गुडघा.