सत्तेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकले, त्याबद्दल थोडं (पोस्ट मोठी आहे)

गेल्या दिवाळीनंतर मी सायकल शिकले. वय वर्षं ४७. हसा, हरकत नाही, आमच्या घरातही सगळे हसले. बाबा म्हणाले, "पुण्यात जन्मलीस आणि सायकल येत नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

चौथीत असताना पडले होते, हनुवटीला तीन टाके पडले. आजीनं जाहीर केलं, पोरीच्या जातीला तोंडावर वण नकोत, सायकल बंद. भाऊ माझ्यापेक्षा चारदा जास्त पडला, त्याची सायकल काही बंद झाली नाही. नंतर लूना नाही, स्कूटी नाही. बस, रिक्षा, आणि लग्नानंतर नवऱ्याच्या गाडीची मागची सीट. ऑफिस घरापासून जेमतेम चार किलोमीटर, पण तिथे जायलाही कुणाच्या तरी वेळेवर अवलंबून.

कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या काकांना विचारलं, या वयात जमेल का? त्यांनी उत्तर दिलं नाही, पाना घेतला आणि माझ्या लेकीच्या सायकलची दोन्ही पायडलं काढून ठेवली. (डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ज्ञानही तेव्हाच मिळालं.) सीट इतकी खाली घेतली की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. म्हणाले, "आता चार दिवस नुसतं पायांनी ढकलत फिरायचं. पाय उचलून जास्तीत जास्त किती लांब जाता येतं ते बघायचं. पायडलचं नंतर."

आपल्याकडे शिकवायची जुनी पद्धत तुम्हाला माहीत आहे. मागून कुणीतरी कॅरिअर धरून पळणार, आपण "सोडू नको हं, सोडू नको" ओरडणार, आणि त्यानं केव्हाच सोडलेलं असणार. कळलं की धाडकन खाली. काकांच्या पद्धतीत पडायची वेळच येत नाही, कारण पाय कायम जमिनीच्या जवळ. पाचव्या दिवशी पायडलं परत बसवली आणि मी पार्किंगला एक अख्खी चक्कर मारली. वॉचमननं टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं.

पण ही पोस्ट त्या चकरेबद्दल नाही. सायकल शिकायला पाच दिवस लागले, रस्त्यावर यायला तीन महिने. त्या तीन महिन्यांत जे कळलं ते मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं, घरी नाही, कुठेच नाही. म्हणून लिहिते आहे.

पहिली गोष्ट. नवशिका माणूस भीतीनं रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला चिकटून चालवतो. तेच चुकीचं. कडेला वाळू, खडी, चेंबरची झाकणं, आणि उभ्या केलेल्या गाड्या. त्यातल्या एखाद्या गाडीचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. उभ्या गाड्यांपासून निदान एक मीटर लांब राहायचं. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे. हॉर्न लागत नाही, दार लागतं.

दुसरी गोष्ट, उजवीकडून मागे वळून बघणं. सोपं वाटतं, पण मान वळली की हातही वळतात आणि सायकल उजवीकडे जाते. आम्ही यावर एक खेळ काढला. लेक मागे उभी राहून बोटं दाखवायची, मी सायकल सरळ ठेवून मागे बघायचं आणि किती बोटं ते सांगायचं. आठवडाभर रोज संध्याकाळी दहा मिनिटं. हे जमेपर्यंत मोठ्या रस्त्यावर जायचं नाही, असं मी स्वतःलाच बजावलं होतं.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची. सिग्नलला बस किंवा ट्रक उभा असेल तर त्याच्या डाव्या बाजूच्या फटीत घुसायचं नाही. जागा दिसते, मोह होतो. पण ड्रायव्हरला आपण तिथे दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला तर मागचं चाक आणखी आत येतं. त्याच्या मागे उभं राहायचं. अर्धा मिनिट जाईल.

बाकी किरकोळ. ब्रेक दोन्ही एकदम दाबायचे, आणि जरा आधी. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात, त्यांच्यावर वळायचं नाही. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा. आणि मोठा चौक झेपत नसेल तर उतरायचं, सायकल हातात धरून झेब्रावरून चालत जायचं. यात लाज कसली?

आता मुद्द्यावर येते.

एवढं सगळं शिकून मी एका मोठ्या रस्त्यावरच्या सायकल ट्रॅकवरून चालले होते. ट्रॅक म्हणजे फुटपाथलगत रंगवलेले पेव्हर ब्लॉक. शंभर पावलांवर पाणीपुरीची गाडी. ती ओलांडायला उतरले. पुढे विजेचा डीपी, पुन्हा उतरले. तिसऱ्यांदा चढले तोच समोरून, म्हणजे उलट्या दिशेनं, त्याच ट्रॅकवरून एक दुचाकी आली. मी दचकले, हँडल वळलं, गुडघ्यावर पडले. फार लागलं नाही. गाडीवाला थांबला, तेवढी माणुसकी होती. पण बोलला काय? "ताई, जमत नसेल तर रस्त्यावर येता कशाला?"

ट्रॅक सायकलचा. उलटा तो आलेला. आणि प्रश्न मला.

त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. आपण सगळेच मनातून असंच मानतो. रस्ता गाडीचा आहे, बाकीच्यांना सांभाळून घेतलं तर उपकार. फुटपाथवर आणि सायकल ट्रॅकवर मोटार वाहन चालवायचं नाही, हे रस्त्याच्या नियमांतच लिहिलेलं आहे. किती जणांना माहीत आहे? मलाही गुडघा फुटेपर्यंत माहीत नव्हतं.

आणि हे पुण्यात. ज्या शहराला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. बाबा खडकीला कारखान्यात सायकलनं जायचे. शिफ्ट सुटली की रस्ताभर नुसत्या सायकली, घंट्यांचा आवाज, मोटारवालाच अंग चोरून जायचा. सायकलला बिल्ला लागायचा. दिवा नसला किंवा डबलसीट बसलं की पोलीस धरायचे. म्हणजे सायकल हे वाहन आहे, त्याला नियम आहेत, म्हणून त्याला जागाही आहे, हे तेव्हा सगळ्यांनी धरून चाललेलं होतं. आता बिल्ला गेला, नियम विसरले, आणि त्याबरोबर जागाही गेली.

योजना झाल्या नाहीत असं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या महापालिकेनं शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाइलवरून उघडणाऱ्या पिवळ्या, केशरी सायकली जागोजागी उभ्या राहिल्या होत्या, आठवतात? थोड्याच काळात दिसेनाशा झाल्या. आराखड्याचा कागद चांगला होता. पण ट्रॅक बांधणं आणि ट्रॅक मोकळा ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचं उद्घाटन करता येतं, दुसऱ्याचं करता येत नाही.

काही जण लगेच लिहितील, "मॅडम, हे नेदरलँड नाही." बरोबर. पण नेदरलँडही आधी असं नव्हतं. तिथेही गाड्या वाढल्या, सायकली कमी झाल्या, आणि १९७१ या एका वर्षात चारशेहून जास्त मुलं रस्त्यांवर मेली. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' हे त्यांच्या चळवळीचं नावच होतं. आज तिथली शाळकरी मुलं सायकलवरून रहदारीची परीक्षा देतात. हे काही आपोआप आलं नाही, मागून घेतलेलं आहे.

परदेश नको असेल तर तमिळनाडूतला पुदुक्कोट्टई जिल्हा घ्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेनं बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकवली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अशा हजारो बायका शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलेलं आहे. बाजाराला, पाण्याला, दवाखान्यात जायला कुणाची वाट बघायची नाही, हा त्यातला खरा फायदा. मला तो आता ४७ व्या वर्षी कळतोय.

दुसरा आक्षेप येईल, सायकल म्हणजे हौशी लोकांचा रविवारचा खेळ. एक दिवस सकाळी साडेसहाला आपल्या मेन रोडवर उभं राहून बघा. रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, पेपर टाकणारी मुलं, डबा हँडलला अडकवून साइटवर निघालेले बांधकाम मजूर. बहुतेकांना हेल्मेट नाही, मागे दिवा नाही. ही माणसं कुठल्या बैठकीला येत नाहीत, पोस्ट लिहीत नाहीत. ट्रॅकवर टेम्पो लागला की धोका त्यांना आधी. माझ्याकडे निदान रिक्षाचे पैसे आहेत.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि मला मान्य आहे. सायकलवालेही नियम पाळत नाहीत. उलटे येतात, सिग्नल तोडतात, रात्री बिनदिव्याचे फिरतात. पण त्यांना शिकवलं कुणी? गाडीला लायसन्स लागतं म्हणून निदान ड्रायव्हिंग स्कूल तरी आहे. सायकलचं शिक्षण म्हणजे मैदानात तोल सांभाळणं, तिथेच संपलं. रस्ता शिकवणारं कुणी नाही.

म्हणून आपल्या भागापुरत्या तीन मागण्या. उड्डाणपूल मागत नाही.

एक, रविवारी सकाळी दोन तास शाळांची मैदानं शिकणाऱ्यांसाठी उघडी ठेवा. मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही. माझ्यासारख्या किती बायका आहेत हे मला आता कळतंय. पार्किंगमध्ये चक्कर मारताना तिघींनी हळूच विचारलं, "आम्हाला शिकवशील का गं?"

दोन, नवा ट्रॅक बांधू नका, आहे तो मोकळा करा. तोंडाशी खांब असे लावा की सायकल जाईल, दुचाकी जाणार नाही. डीपी हलवता येत नसेल तर तिथे ट्रॅक वळवून घ्या. पाणीपुरीवाल्याला हाकलू नका, त्याचंही पोट आहे. फुटपाथच्या आतल्या बाजूला त्याला जागा आखून द्या.

तीन, पाचवी-सहावीच्या मुलांना शाळेत रहदारीचा सराव द्या. भाषण आणि चित्रकला स्पर्धा नको. मैदानावर खडूनं चौक आखा, मागे वळून बघायला शिकवा, हात दाखवायला शिकवा, बसच्या डावीकडे का जायचं नाही ते एक बस उभी करून दाखवा. ड्रायव्हरच्या सीटवर मुलांना बसवा, म्हणजे काय दिसत नाही ते त्यांना आपोआप दिसेल.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीनं का लिहिते आहे, ते सांगते. मी पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सातवीतल्या लेकीनं विचारलं, "आई, आता तुला येतं, मग मी क्लासला सायकलनं जाऊ?" आणि मी पटकन म्हणाले, "नाही." जसं आजी मला म्हणाली होती, अगदी तसंच. तिनं वाद घातला नाही. मोजे घातले आणि रिक्षाची वाट बघत गेटपाशी उभी राहिली. मला दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आजीला वणाची भीती होती, माझी भीती त्याहून मोठी आहे आणि खरीही आहे. पण दोघींचं उत्तर एकच निघालं.

नंतर आम्ही दोघींनी बसून रस्ता शोधला. मेन रोड सोडून आतल्या गल्ल्यांतून, दहा मिनिटं जास्त लागतात, एकच मोठा चौक, तोही चालत ओलांडायचा. गेले पाच आठवडे ती त्या रस्त्यानं जाते आणि मी तिच्या मागे. एकटी अजून सोडलेली नाही. कधी सोडीन, ते फक्त तिच्या तोलावर अवलंबून असतं तर आजच सोडली असती.

आपल्या नगरसेवकांना या तीन मागण्यांचं पत्र द्यायचं आहे. सही करायची असेल तर कमेंटमध्ये नुसतं 'हो' लिहा, मी कागद घेऊन घरी येते. आणि ज्यांना शिकायचंय त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या पार्किंगमध्ये या. वयाची अट नाही. साडी चालणार नाही, पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी घरी ठेवा, चेनमध्ये अडकते. काका पाना घेऊन येणार आहेत.