विलायतेची रेल्वे : तिकीट काढण्याआधी

गेले काही महिने वाचक भगिनींकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. कुणाचा मुलगा लेस्टरला शिकतो, कुणाची नणंद बर्मिंगहॅमला आहे, कुणाचे भाऊ लंडनला. "सुट्टीत मुलांना घेऊन जायचे म्हणतो. तिकडे रेल्वेने फिरणे परवडते का?" उत्तर असे : परवडते, पण तिकिटाची रीत समजून घेतली तर. नाही तर एका दिवसात आठवड्याचा खर्च होतो.

हे मी अनुभवाने सांगते. माझी नणंद ब्लॅकबर्नला असते. आमच्या अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लेकीचे घर एकदा डोळ्यांनी पाहायचे होते. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. मी मोठ्या हौसेने तीन महिने आधी बसून लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून प्रेस्टनमार्गे ब्लॅकबर्नची सर्वांत स्वस्त तिकिटे काढली. विमान सकाळी सातला उतरणार, गाडी दुपारी बाराची. पाच तास पुष्कळ झाले, असे वाटले. विमान तीन तास उशिरा आले, पासपोर्टची रांग लांबलचक, आणि आम्ही यूस्टनला पोहोचलो तेव्हा गाडी केव्हाच गेली होती. ते तिकीट दुसऱ्या गाडीला चालत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. संध्याकाळची गर्दीची वेळ सुरू झाली होती. खिडकीवर नवी तिकिटे घेतली ती जवळपास तिप्पट दराने. अम्मी बाकावर बसून एकच म्हणत होत्या, "माझ्यापायी तुमचे किती पैसे गेले गं!" चूक माझी होती, आणि वाईट त्यांना वाटत होते. तुमच्या घरी असे होऊ नये म्हणून हा लेख.

तिकिटाचे तीन प्रकार

आपल्याकडे डबा कोणता यावर भाडे ठरते. तिकडे फर्स्ट आणि स्टँडर्ड असे मुख्य दोन वर्ग, पण भाडे मुख्यतः वेळेवर ठरते. वेटिंग, आरएसी, तत्काळ असले काही नाही.

ॲडव्हान्स तिकीट सर्वांत स्वस्त. ते साधारण आठ ते बारा आठवडे आधी विक्रीला येते आणि स्वस्त तिकिटे संपत जातात तसा दर चढतो. पण ज्या गाडीचे काढले त्याच गाडीला चालते. गाडी सुटण्याआधी फी भरून तारीख-वेळ बदलता येते, रद्द करून पैसे मिळत नाहीत.

ऑफ-पीक तिकीट मधल्या दराचे. सकाळ-संध्याकाळची ऑफिसची गर्दी सोडून त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीला चालते. शनिवार-रविवारी सहसा दिवसभर चालते. परतीचे ऑफ-पीक तिकीट बहुतेक लांबच्या मार्गांवर महिनाभर वापरता येते.

एनीटाइम तिकीट कोणत्याही वेळी चालते, म्हणून सर्वांत महाग. सहलीला जाणाऱ्यांना त्याची गरज सहसा पडत नाही.

आता आमच्या चुकीचा धडा : विमानातून उतरण्याच्या दिवशी ॲडव्हान्स तिकीट काढू नका. त्या दिवसासाठी ऑफ-पीक घ्या, किंवा पहिली रात्र विमानतळाच्या गावीच काढा. लँकेशायरकडे जाणार असाल तर मँचेस्टरला उतरणे सोयीचे; तिथे विमानतळालाच रेल्वे स्टेशन आहे. आणि व्हिसा हातात आल्याशिवाय परत न मिळणाऱ्या तिकिटांना हात लावू नका.

रेलकार्ड : कुटुंबाच्या फायद्याची गोष्ट

पाच वर्षांखालील मुले फुकट, पाच ते पंधरा वयाची मुले अर्ध्या तिकिटात. त्यावर आणखी सवलत देणारे फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड मिळते. २०२५ पासून त्याची किंमत वर्षाला ३५ पौंड आहे. चार मोठी आणि चार मुले एका कार्डावर प्रवास करू शकतात. सोबत एक तरी मूल हवे. मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश आणि मुलांच्या भाड्यात ६० टक्के सूट मिळते.

हिशेब करून पाहा. समजा मोठ्यांचे भाडे ६० पौंड आणि मुलांचे ३०. आई-वडील आणि दोन मुले मिळून १८० पौंड. कार्डावर हेच ४०, ४०, १२ आणि १२, म्हणजे १०४. एकाच प्रवासात कार्डाचे पैसे वसूल होऊन वर ४१ पौंड वाचले.

नवरा-बायको दोघेच असाल तर टू टुगेदर कार्ड, आणि साठी ओलांडलेल्यांना सीनियर कार्ड. ही कार्डे बाहेरून आलेल्या पाहुण्यांनाही मिळतात. प्रवासात कार्ड जवळ हवेच, नाही तर सवलतीचे तिकीट बिनकामाचे ठरते.

ब्रिटरेल पास फक्त परदेशी प्रवाशांसाठी असतो. रोज नव्या शहरात जाणार असाल तर तो पाहा. एकाच घरी राहून दोन-तीनदा फिरणाऱ्यांना बहुधा रेलकार्डच स्वस्त पडते. दोन्हींची बेरीज कागदावर मांडूनच ठरवा.

बुकिंग करताना

गाड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या असल्या तरी कोणत्याही रेल्वे कंपनीच्या संकेतस्थळावर सगळीकडची तिकिटे मिळतात आणि बुकिंग फी लागत नाही. दुसऱ्या काही ॲपवर ती लागते. गाडी बदलायची असेल तर तुकड्यातुकड्याने न काढता पूर्ण प्रवासाचे एकच तिकीट घेणे निर्धास्त : पहिली गाडी उशिरा आल्यामुळे पुढची चुकली, तर त्यानंतरच्या गाडीने जाता येते. गाडी ठरलेल्या मर्यादेपेक्षा उशिरा पोहोचवली तर 'डिले रिपे' योजनेत भरपाई मिळते. तिकीट जपून ठेवा आणि मागायला लाजू नका.

२५ डिसेंबरला तिकडे रेल्वे बंद असते आणि २६ला जवळपास बंदच. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी रुळांची कामे चालतात, तेव्हा आदल्या रात्री वेळापत्रक पुन्हा पाहा.

प्रवासाच्या दिवशी

लंडनला एक मुख्य स्टेशन नाही. एडिंबरा आणि यॉर्कसाठी किंग्ज क्रॉस, बर्मिंगहॅम, मँचेस्टर आणि ग्लासगोसाठी यूस्टन, लेस्टरसाठी सेंट पँक्रास, कार्डिफ आणि ब्रिस्टलसाठी पॅडिंग्टन. हमाल नसतात, म्हणून स्वतःला उचलता येईल तेवढीच बॅग घ्या. प्लॅटफॉर्मचा नंबर मोठ्या स्टेशनांवर दहा-पंधरा मिनिटे आधीच लागतो, आणि दारे सुटण्याच्या वेळेआधी बंद होतात. अम्मींसारख्या ज्येष्ठांसाठी 'पॅसेंजर असिस्ट' ही मदत फुकट मिळते. आधी कळवले की व्हीलचेअर घेऊन माणूस डब्यापर्यंत सोडतो. घरचा डबा गाडीत खायला हरकत नाही, त्यामुळे हलालची चिंता नाही. जूनमध्ये लंडनला मगरीब सव्वानऊच्या सुमारास होते, हे लक्षात ठेवून परतीची गाडी निवडा.

मुलांना यॉर्कचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय जरूर दाखवा; स्टेशनजवळच आहे, प्रवेश फुकट. लंडनच्या वॉटर्लूहून अर्ध्या तासावर वोकिंग आहे. तिथली शाहजहान मशीद १८८९ सालची, ब्रिटनमध्ये मशीद म्हणूनच बांधलेली पहिली. भोपाळच्या शाहजहान बेगम यांनी तिला मोठी मदत केली, म्हणून तिला त्यांचे नाव.

परतीच्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. विमानाच्या आदल्या दिवशीची गाडी घेतली, अम्मींसाठी मदत आधी सांगून ठेवली. प्रेस्टनला व्हीलचेअर ढकलणाऱ्या पोराला अम्मींनी आपल्या पिशवीतला लाडू दिला आणि मराठीतच दुआ दिली. त्याला शब्द कळले नाहीत, पण तो हसला. खिडकीशी बसल्यावर अम्मी म्हणाल्या, "लेकीचं घर पाहिलं, आता मन शांत आहे." यावेळी पैशांचा विषय त्यांनी काढला नाही.