पाय वाचतो, गुडघा वाकवायचा कुठे?



‘हाडाचा कॅन्सर म्हणजे पाय कापावाच लागणार’ हे गेल्या आठवड्यातील पत्रातले विधान फार जुन्या काळचे आहे. परळच्या टाटा रुग्णालयात ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरच्या बहुतेक रुग्णांचा पाय आज वाचवता येतो. केमोथेरपीनंतर गाठीचे हाड काढून धातूचा सांधा बसवतात. काहींचे तेच हाड बाहेर काढून, किरणोपचार देऊन परत बसवतात. लहान मुलांत कधी पायाचा खालचा भाग उलटा फिरवून मांडीला जोडतात आणि घोटाच गुडघ्याचे काम करतो. दिसायला विचित्र, पण कृत्रिम पाय लावला की पोर त्यावर धावते!

पत्रलेखकांच्या नजरेतून सुटले ते वेगळेच. ऑपरेशन मुंबईत होते, गुडघा मात्र आमच्या होटगीत वाकवायचा असतो. व्यायाम चुकला की सांधा आखडतो, स्नायू वाळतात. फिजिओथेरपीसाठी आम्हाला सोलापूर गाठावे लागते. पोराला रोज न्यायचे म्हणजे बापाचा रोजगार बुडतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातील आरोग्य केंद्रांत आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट मिळावा.

आणि हा आजार वेळीच कळावा म्हणून एक सांगणे: वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा सुजून रात्री ठणकत असेल, तर तेल चोळत बसू नका. आधी एक्स-रे काढा.

– एक वाचक, होटगी