बेट्टा मासा आणि काचेची बरणी
बेट्टा, अर्थात लढाऊ मासा, कल्ल्यांखेरीज डोक्यातील एका विशेष इंद्रियाद्वारे पृष्ठभागावरील हवाही घेतो. म्हणून त्यास लहानशी बरणी पुरते, असा समज रूढ आहे. तो चुकीचा होय. हवा मिळाली, तरी त्याच्याच उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून निर्माण होणारा अमोनिया त्यास घातक ठरतो. सुमारे २० लिटरांच्या टाकीत उपयुक्त जीवाणू रुजले, म्हणजे अमोनियाचे अखेर सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर होते. त्यास काही आठवडे लागतात. पुढेही दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनरहित असावे. मूळच्या थायलंडच्या या माशास २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. म्हैसूरच्या डिसेंबरातील रात्री त्याहून थंड असतात, म्हणून पाणी तापविणारे उपकरण आवश्यक आहे. एवढी काळजी घेणे शक्य नसेल, तर मासा आणूच नये. आणि आणलेला मासा कुक्करहळ्ळी तलावात सोडून जबाबदारी टाळू नये.