डूलाला मान, सुईणीला विटाळ!



मागच्या महिन्यात आमच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एक प्रश्न टाकला. आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईजवळ तिच्या घरची एक बाई थांबू देतात का? तासाभरात एका भावाचं उत्तर आलं, "ताई, हे डूला-बिला श्रीमंतांचे चोचले. आपल्याकडे ॲट्रॉसिटीच्या केसेस पडल्यात, पोरांची स्कॉलरशिप अडकलीय." खाली अकरा अंगठे, त्यातले दहा पुरुषांचे. या भावासाठी आणि त्या दहा अंगठ्यांसाठी हे लिहिते आहे.

डूला म्हणजे काय ते आधी समजून घ्या. ती डॉक्टर नाही, नर्स नाही. ती आतून तपासत नाही, इंजेक्शन देत नाही, मूल काढत नाही. गरोदरपणात दोन-चार वेळा घरी येते, होणाऱ्या आईबापाशी बोलते, भीती कशाची आहे ते विचारते. कळा सुरू झाल्या की शेवटपर्यंत बाईजवळ थांबते. पाठ-कंबर चोळते, घोट घोट पाणी देते, चालवते, कूस बदलायला लावते, डॉक्टर काय म्हणाले ते सोप्या भाषेत सांगते. नंतर बाळाला अंगावर घ्यायला शिकवते. ड्यूटी बदलली की नर्स बदलते, डॉक्टर येतात-जातात, पण ही हलत नाही. मुंबई-पुण्यात या सोबतीची हजारो रुपयांची पॅकेजेस आहेत. शेजारच्याच दुकानात 'गर्भसंस्कारा'चे मंत्रही विकत मिळतात, पण त्या भटशाहीच्या धंद्यावर पुन्हा कधीतरी.

आता गंमत बघा. डूला हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ दासी, गुलाम बाई. १९७०च्या दशकात डॅना राफाएल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला आणि पुढे तो जगभर गेला. गुलामीचा शब्द व्हिजिटिंग कार्डावर चढला, प्रतिष्ठित झाला. आणि आपल्या गावात हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी सुईण? ती बहुतेक ठिकाणी मांगवाड्यातली. तिने नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताचे कपडे धुवायचे आणि पायलीभर जोंधळे घेऊन मागल्या दाराने निघून जायचं. ज्या हातांनी पाटलाचा वंश जगात आणला, त्या हातांचा बाराव्या दिवशी पुन्हा विटाळ. आणि खरं बोलायचं तर आपणही फार वेगळे नव्हतो. माझ्या आजीच्या घरी मांगवाड्यातल्या आजीला भाकर दिली जायची ती उंबऱ्याबाहेर. आम्ही धम्म घेतला, तो उंबरा मात्र बरीच वर्षं तिथंच राहिला.

त्या सुईणीचं स्वतःचं बाळंतपण कसं होत असेल? १८५५ साली 'ज्ञानोदया'त सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेने ते लिहून ठेवलंय. आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, त्या थंडी-पावसात हाल सोसतात, असं त्या चौदा वर्षांच्या मांगाच्या पोरीने थेट विचारलं. दलित स्त्रीच्या लेखनाची सुरुवातच जिथून होते तिथे बाळंतपण आहे, आणि आपला भाऊ म्हणतो चोचले.

आता छप्पर मिळालंय. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, मातामृत्यू घटले. २०१८-२०च्या सरकारी आकड्यांनुसार महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. म्हणून 'पुन्हा घरी बाळंत व्हा' हे शहरी खूळ आपल्या वस्तीत कुणी आणू नये. बाई दवाखान्यातच जायला हवी. प्रश्न आहे तो दाराच्या आत काय होतं याचा.

माझी वहिनी एका सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. अकरा तास ती आत आणि आई बाहेर पायरीवर, मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन. वहिनी ओरडली तेव्हा "तेव्हा नाही ओरडलीस ती?" असं आतल्या बाईने तिला सुनावलं. मांडीवर चापट मारली. टाके घालताना सांगितलंसुद्धा नाही. घरी आल्यावर सहा महिन्यांनी ती हे बोलली. तक्रार करू म्हटलं, तर म्हणाली, "कोण बघत होतं?"

भाऊ, ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये आपण सगळ्यात आधी काय शोधतो? साक्षीदार. प्रसूतिकक्षात तोच नसतो. आडनाव केसपेपरवर असतं, वस्तीचं नाव पत्त्यात असतं, बाई टेबलावर असते आणि दार बंद असतं. जवळ बसलेली एक बाई पाठही चोळते आणि पाहतेही. पाहणारं कुणी आहे म्हटल्यावर हात उगारताना विचार करावा लागतो.

या सोबतीने जीवही सावरतो. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात पंधरा हजारांहून अधिक बायांवरचे अभ्यास एकत्र केले होते. सलग सोबत मिळालेल्या बायांच्या कळांचा काळ थोडा कमी, सिझेरियन कमी, आपल्या बाळंतपणाबद्दल नाराजीही कमी. आपल्या देशात खाजगी दवाखान्यात जवळपास निम्मी बाळंतपणं सिझेरियनने होतात (पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४७.४ टक्के), त्यासाठी आपल्या माणसांनी दागिने गहाण टाकलेत. हे सगळं थांबेल असं मी म्हणत नाही, पण ज्याला खर्च जवळजवळ नाही तो उपाय आपण मागतसुद्धा नाही.

मागायचं तरी काय? नवीन काहीच नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली आहे. ती शक्यतो स्वतः बाळंत झालेली असावी, संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, कामात अडथळा करू नये, अशा साध्या अटी. आडोसा असेल तिथे नवऱ्यालाही आत घेता येतं. म्हणजे श्रीमंतीण जे पैसे मोजून घेते, ते आपल्या बाईला कागदावर फुकट मिळालेलं आहे. दवाखान्यात विचारलं की उत्तर येतं, दोन टेबलांमध्ये पडदे नाहीत. मग पडदे लावा! आणि 'आशाताई थांबतील की' असंही कुणी म्हणू नये. त्यांना आधीच पगाराऐवजी मोबदला देऊन राबवलं जातंय. रात्रभर थांबवायचं तर त्या रात्रीचे पैसे द्या.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा, हे त्यांनी तेव्हा मांडलं. रमाईंची चार लेकरं तोवर गेलेली होती. बाळंतपण ही बायकांची खाजगी बाब आहे असं त्यांना वाटलं नाही. त्यांचा फोटो डीपीला लावणाऱ्या दहा जणांना ते का वाटतं?

आम्ही चौघी जणी तालुक्याच्या दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीला पत्र देणार आहोत. तीन प्रश्न आहेत : २०१६ची परवानगी इथे लागू आहे का, ती दारावर मराठीत लावली आहे का, पडदे कधी येणार. सोबत माहिती अधिकाराचा अर्जही टाकतोय. वस्तीतल्या ज्या जुन्या सुईणी अजून आहेत, त्यांच्याकडे या रविवारी बसणार आहोत. कळा देणाऱ्या बाईला कसं धरायचं, केव्हा बोलायचं आणि केव्हा गप्प राहायचं हे त्यांना येतं. पहिली बैठक मांगवाड्यातल्या आजीच्या ओट्यावर आहे. अंगठा देणाऱ्या भावांनीही यावं. चहा तिच्याच घरचा असेल.